लेयर मास्कवर काळा ब्रश फिरवूनही काहीच का होत नाही?

तुमची अडचण मला अशी समजली: फोटोशॉपमध्ये नवरीच्या फोटोला लेयर मास्क (लेयरचा, म्हणजे फोटोच्या थराचा, नको तो भाग झाकणारा पडदा) लावलाय आणि मागची भिंत घालवायला काळा ब्रश फिरवताय. कधी फोटोवरच काळे फराटे उमटतात, कधी कितीही घासलं तरी काहीच होत नाही, आणि जिथे जमलं तिथे केसांभोवती पांढरी कड राहते. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकू का, असंही तुम्ही विचारलंय.

टाकू नका. यातलं काहीही सॉफ्टवेअर बिघडल्याचं लक्षण नाही. मी लातूरला लग्नाचे अल्बम डिझाइन करतो. उदगीर, निलंगा, अहमदपूरकडचे फोटोग्राफर पेनड्राइव्ह घेऊन येतात, आणि लग्नसराई सुरू झाली की नवीन शिकणारी पोरं हेच विचारायलेत, ‘सर, मास्क चालंना गेलाय.’ मास्क चालतच असतो. आपण फोटोकडे बघत ब्रश घासत राहतो आणि मास्ककडे कुणी बघत नाही, तिथे सगळं अडतं.

म्हणून आधी मास्क उघडा. लेयर्स पॅनेलमध्ये फोटोच्या छोट्या चित्राशेजारी मास्कचं छोटं चित्र असतं, त्यावर आल्ट दाबून क्लिक करा (मॅकवर ऑप्शन). फोटो जाईल आणि पूर्ण स्क्रीनवर काळं, पांढरं, करडं असं एक चित्र येईल. तोच तुमचा मास्क. पांढरं असेल तिथे लेयर दिसतो, काळं असेल तिथे झाकला जातो, करडं असेल तिथे त्या प्रमाणात अर्धवट दिसतो. 8 बिटच्या फाइलमध्ये 0 ते 255 अशा 256 छटा, याशिवाय मास्कमध्ये दुसरं काही नसतं. आता हे चित्र समोर ठेवूनच काळ्या ब्रशचा एक फटका मारा. तो उमटला का? पुढे कुठे शोधायचं ते यावरून ठरतं.

समजा उमटला. म्हणजे ब्रश ठणठणीत आहे, मघाशी तो चुकीच्या जागी चालत होता. लेयरवर फोटो आणि मास्क अशी दोन चित्रं शेजारी असतात आणि ज्याच्याभोवती चौकट असते त्याच्यावर ब्रश चालतो. चौकट फोटोभोवती असेल तर काळे फराटे फोटोवरच येणार. ही चौकट इतकी बारीक असते की दुपारी खिडकीतून ऊन येणाऱ्या खोलीत ती दिसतही नाही. तिच्यावर डोळे ताणण्यापेक्षा दोन सोप्या खुणा बघा. फाइलच्या नावाच्या टॅबवर कंसात ‘लेयर मास्क/8’ लिहिलेलं असेल तर तुम्ही मास्कवर आहात, ‘आरजीबी/8’ असेल तर फोटोवर. दुसरी खूण टूलबारच्या तळाशी, रंगांच्या दोन चौकोनांत. मास्कवर आलात की ते फक्त काळे, पांढरे किंवा करडे होतात. तिथे लाल, हिरवं काही दिसलं तर ब्रश उचला. फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ फोटो आत जपून ठेवणारा बंदिस्त लेयर) असेल तर फोटोशॉप स्वतःच अडवतं, हा लेयर थेट बदलता येत नाही असा संदेश देतं. तो संदेश आला की घाबरायचं काही नाही, मास्कच्या चित्रावर एक क्लिक करा आणि कामाला लागा.

फटका मास्कवर उमटला, पण परत फोटोवर आल्यावर फरकच दिसत नाही, असंही होतं. इथे पहिला संशय खालच्या लेयरवर घ्या. बरेच जण सुरुवातीला कंट्रोल-जे करून फोटोची कॉपी काढतात आणि वरच्या कॉपीला मास्क लावतात. वरची भिंत झाकली जाते आणि तिच्या बरोब्बर खाली तीच भिंत उभी असते. खालच्या लेयरचा डोळा बंद करून बघा. मास्कवर लाल फुली दिसत असेल तर शिफ्ट दाबून क्लिक झाल्यामुळे मास्क बंद पडलाय, पुन्हा तसंच क्लिक केलं की सुरू होतो. आणि काळं करूनही भिंत भुतासारखी हलकी दिसत राहिली, तर प्रॉपर्टीज पॅनेलमध्ये मास्कची डेन्सिटी 100 टक्के आहे का ते पाहा. ती 70 वर असली तर कितीही काळं फासा, भिंत पूर्ण जाणार नाही.

आता दुसरी बाजू. आल्ट-क्लिक करून मास्क समोर आहे आणि तरीही फटका उमटत नाही. पोरं इथेच हात टेकतात, त्यामुळे इथे जरा थांबून सांगतो.

आधी कंट्रोल-डी दाबा. फोटोवर कुठेतरी जुनं सिलेक्शन राहिलेलं असतं आणि सिलेक्शनच्या बाहेर ब्रश चालत नाही. तुटक रेघा दिसत नाहीत म्हणून सिलेक्शन नाही असं धरू नका. कंट्रोल-एच दाबलं गेलं की रेघा लपतात, सिलेक्शन मात्र तसंच राहतं. झूम करून काम करताना तर हे अजिबात लक्षात येत नाही.

मग वरच्या पट्टीत ब्रशचा मोड, म्हणजे ब्रशचा रंग खालच्या रंगात कसा मिसळतो ती सेटिंग, बघा. माझ्या अनुभवात सगळ्यांत फसवी जागा हीच. केसांची कड साफ करायची एक युक्ती व्हिडिओंमध्ये सगळीकडे सांगतात: ब्रशचा मोड ओव्हरले करून मास्कवर फिरवा. युक्ती खरी आहे. ओव्हरलेमध्ये काळा ब्रश करड्या भागाला आणखी गडद करतो, पण शुद्ध पांढऱ्याला हात लावत नाही. पांढरा ब्रशही तसाच, करडं उजळवतो आणि शुद्ध काळं जसंच्या तसं सोडतो. त्यामुळे केसांच्या कडेचं करडं साफ होतं आणि आतला चेहरा शाबूत राहतो. पण काम झाल्यावर मोड ओव्हरलेवरच राहतो, कारण फोटोशॉप ब्रशची शेवटची सेटिंग लक्षात ठेवतं. दुसऱ्या दिवशी नवा फोटो, नवा कोरा पांढरा मास्क, त्यावर ओव्हरलेमधला काळा ब्रश. गणितच असं आहे की पांढरं पांढरंच राहणार. तुम्ही लिहिलंय की केसांची युक्ती शिकल्यानंतर हा त्रास सुरू झाला. मला तर खात्रीच वाटते की तुमचं दुखणं हेच आहे. मोड नॉर्मल करा. वरच्या पट्टीत डाव्या टोकाला ब्रशचं जे चिन्ह असतं, त्यावर राइट-क्लिक करून ‘रीसेट टूल’ निवडलंत तर मोड, ओपॅसिटी (रंग किती दाट पडतो), फ्लो (रंग किती वेगाने साचतो) सगळं एकदम मूळ जागेवर येतं.

ओपॅसिटीचंही असंच. ब्रश हातात असताना कीबोर्डवरचा 1 दाबला की ओपॅसिटी 10 टक्के होते, 5 दाबला की 50, आणि 0 दाबला की पुन्हा 100. शिफ्टबरोबर हेच आकडे दाबले तर फ्लो बदलतो. चुकून बोट लागलं तर कळतही नाही, आणि 10 टक्क्यांचा काळा पांढऱ्यावर इतका फिका पडतो की काही झालंच नाही असं वाटावं.

रंग खरंच काळा आहे ना, तेही बघा. मास्कवर असताना डी दाबलं की पुढचा रंग पांढरा आणि मागचा काळा होतो, फोटोवर असताना नेमकं उलटं. एक्स दाबलं की अदलाबदल होते. पांढऱ्या मास्कवर पांढरा ब्रश घासत बसलेले मी कितीतरी बघितलेत. ब्रश फिरवल्यावर लालसर थर येत असेल तर क्यू दाबला जाऊन क्विक मास्क सुरू झालाय, पुन्हा क्यू दाबा. आणि लेयरवर दोन मास्क दिसत असतील तर मास्कचं बटण दोनदा दाबलं गेलंय. दुसऱ्यांदा येतो तो व्हेक्टर मास्क, त्यावर ब्रश चालत नाही. तो काढून टाका.

आता केसांची पांढरी कड. तुमचा खरा वेळ यातच जाणार आहे.

आपल्याकडची बरीच लग्नं भर उन्हाळ्यात, मंडपात नाही तर चुना दिलेल्या भिंतीसमोर. मागचा पांढरा उजेड मोकळ्या केसांतून आरपार येतो आणि कडेच्या पिक्सेलमध्ये केस आणि भिंत दोन्ही मिसळलेले असतात. त्यामुळे मास्क कितीही नीट कापला तरी ती भिंत थोडी केसांबरोबर येतेच. मागे बीबी का मकबरा लावला तर ही कड फारशी दिसत नाही, कारण मकबराच पांढरा. तीच नवरी वेरूळच्या कैलास लेण्यासमोर ठेवा, त्या काळ्या बेसॉल्टवर कड लगेच उठून दिसते. म्हणून माझा आग्रह आहे की मागचं चित्र कोणतंही लावायचं असो, कड तपासताना नवरीच्या लेयरखाली गडद रंगाचा एक भरीव लेयर टाका, मग एकदा फिका टाका. दोन्हींवर मास्क टिकला तरच पुढे जा.

कड दिसली तर मास्क निवडून फिल्टरमध्ये अदर, त्यात मिनिमम, 1 पिक्सेल. मिनिमम काळ्याला पसरवतो, म्हणजे मास्क आत सरकतो (मॅक्सिमम उलटं करतो). हे खांदे, साडीचा काठ, फेटा यांच्यासाठी उत्तम. केसांवर मात्र वापरू नका, बारीक बटा खाऊन टाकतो आणि डोकं कात्रीने कापल्यासारखं दिसतं. केसांसाठी ‘सिलेक्ट अँड मास्क’ उघडा आणि त्यातला रिफाइन एज ब्रश फक्त केसांच्या टोकांवर फिरवा. त्यानंतर मास्कवर कंट्रोल-एल दाबून लेव्हल्समध्ये काळ्या बाजूचा स्लायडर थोडा आत घ्या, फिकट करडा धूर निघून जातो. एवढं करूनही जी पांढुरकी झाक उरते ती मास्कने जाणार नाही, ती फोटोच्या रंगातच आहे. तिच्यासाठी वर एक नवा लेयर घ्या, आल्ट-कंट्रोल-जी करून तो खालच्या लेयरला क्लिप करा (म्हणजे तो फक्त त्या लेयरच्या आकारातच दिसेल), मोड डार्कन ठेवा, आतल्या केसांचा रंग उचला आणि कमी ओपॅसिटीच्या मऊ ब्रशने कडेवरून फिरवा. मंडपाच्या कापडाची लाल-पिवळी झाक असेल तर मोड कलर ठेवा. यात मूळ फोटोला धक्का लागत नाही, चुकलं तर लेयर पुसून टाकता येतो.

मुंडावळ्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण नवरीचा फोटो म्हटल्यावर त्या येणारच, आणि कोणतंही आपोआप सिलेक्शन त्यांच्यावर तोंडघशी पडतं. गालावर असतात तोवर ठीक, पण गालापासून सुटून मोकळ्या लटकल्या की सॉफ्टवेअरला त्या भिंतीचाच भाग वाटतात. त्या हातानेच परत आणाव्या लागतात. पांढरा, कडक कडेचा, मोत्याच्या जाडीएवढा ब्रश घ्या. सराच्या वरच्या टोकाला एक क्लिक, थोडं खाली शिफ्ट दाबून दुसरं क्लिक, दोन्हींच्या मध्ये सरळ रेघ येते. सर वाकलेला असेल तर छोट्या छोट्या टप्प्यांत चला. वेळ लागतो. लागू द्या. अर्धवट तुटलेल्या मुंडावळ्यांचा फोटो घरचे आयुष्यभर बघणार आहेत.

प्रिंटला पाठवायच्या आधी एक तपासणी चुकवू नका. लेयरला लेयर स्टाइलमधून जाड लाल स्ट्रोक द्या. मास्कमध्ये नजरेतून सुटलेले करडे ठिपके असतील तर प्रत्येकाभोवती लाल गोळा दिसतो. स्क्रीनवर न दिसणारे हे ठिपके 12 बाय 36 इंचाच्या पानावर धुळीसारखे छापून येतात, कारण 300 रेझोल्यूशनला ते पान 10,800 बाय 3,600 पिक्सेलचं असतं आणि स्क्रीनवर तुम्ही ते फार लहान करून बघत असता. ठिपके काळ्याने पुसा, मग स्ट्रोक काढून टाका.

फाइल पीएसडीमध्ये ठेवा. जेपीजी केली की लेयर आणि मास्क दोन्ही एकजीव होतात, मग नवरीच्या मामांनी ‘मागे तुळजापूरचं मंदिर लावा’ म्हटलं की सगळं पहिल्यापासून. वीज कधीही जाते, म्हणून केसांचं काम सुरू करण्याआधी आणि झाल्यावर कंट्रोल-एस.

तुमचा मित्र गिंप (फोटोशॉपसारखंच दुसरं, मोफत सॉफ्टवेअर) वापरतो असं लिहिलंय, त्याला एवढंच सांगा: तिथेही आल्ट-क्लिकनेच मास्क दिसतो, पण कंट्रोल-क्लिकने मास्क बंद पडतो. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-क्लिकने मास्कचं सिलेक्शन तयार होतं. दोन्हींवर आलटून पालटून काम करत असाल तर इथे हमखास गडबड होते.

हे सगळं करूनही अडलं तर फोटोचा स्क्रीनशॉट नको, आल्ट-क्लिक केलेल्या मास्कचा टाका, वरची ब्रशची पट्टी आणि फाइलचा टॅब दिसेल असा.