बारावीनंतर आशियाई भाषा, इतिहास आणि संस्कृती शिकायची तर बडोद्यात राहून जमेल का?

प्रश्न बडोद्याच्याच एका बाबांचा आहे. मुलगी बारावी आर्ट्सला आहे. कोरियन मालिका बघता बघता तिनं लिपीसुद्धा आपली आपण शिकून घेतली, आणि आता आशियातल्या भाषा, इतिहास, संस्कृती यांतच पदवी करायची म्हणते. असे कोर्स खरंच असतात का, पुढे पोट भरेल का, आणि दिल्लीला पाठवावंच लागेल का, असं त्यांनी विचारलंय.

नमस्कार. मी बडोद्यातल्याच रावपुऱ्यात वाढले. दिल्लीला जेएनयूत जपानी भाषेत बी.ए. आणि एम.ए. केलं आणि गेली १४ वर्षं दुभाषी आणि अनुवादक म्हणून काम करते आहे. तुमच्या प्रश्नात मला माझे बाबा दिसले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

असे कोर्स आहेत, आणि त्यावर घर चालतं. पण कोर्स कोणता निवडता यावर सगळं अवलंबून आहे. भाषा वेगळी, इतिहास वेगळा असं तोडून शिकवणारी जागा घेऊ नका. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. बारावीनंतर मी इथेच आर्ट्सला संस्कृत घेतलं आणि संध्याकाळी एका खासगी क्लासला जपानीसाठी नाव घातलं. 'सहा महिन्यांत लेव्हल-थ्री' अशी पाटी होती, म्हणजे जपानीच्या परीक्षेची तेव्हाची तिसरी पातळी, आणि पूर्ण फी आधीच भरून घेतली. वर्षभरात तीन शिक्षक बदलले. रोज जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायच्या, चार पर्यायांतून एक निवडायचा. जपानीच्या त्या जेएलपीटी परीक्षेत बोलण्याचा भाग नसतोच, त्यामुळे बोलणं कोणी शिकवलं नाही. पुढे एका कारखान्यात जपानी पाहुणे आले, ओळखीच्यांनी मला हौसेनं बोलावलं, आणि मी त्यांना "बसा" एवढंसुद्धा नीट म्हणू शकले नाही. बाबांनी त्या फीसाठी पोस्टातली ठेव मोडली होती. आजही आठवलं की वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी प्रवेश परीक्षा देऊन दिल्लीला गेले आणि पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. घरचे म्हणाले, एक वर्ष फुकट गेलं. पण ते संस्कृतचं वर्ष फुकट गेलं नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. जपानी अक्षरमाला फळ्यावर लिहिली होती: आ, ई, ऊ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मी बघतच राहिले. 'सा'च्या जागी आपला 'च' ठेवा, 'हा'च्या जागी 'प' ठेवा (त्या ओळीचा उच्चार फार पूर्वी 'प' असाच होता), की क, च, त, न, प, म, य, र, व. आपली वर्णमालाच! बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी सिद्धम् ही संस्कृत लिहायची जुनी लिपी शिकत. कूकाई नावाचा भिक्षू ८०४ साली चीनला गेला आणि ८०६ मध्ये संस्कृत ग्रंथ घेऊन जपानला परतला. या अभ्यासातून तो क्रम जपानी अक्षरांना मिळाला. ही गोष्ट मला भाषेच्या तासालाच समजली, इतिहासाचा वेगळा पेपर काढून नाही. चांगला कोर्स असा असतो.

तुमच्या मुलीला एक विचारा. मालिकेत कोणी पुढ्यात ताट सरकवून "मॉगॉ ब्वा" म्हणतं, ते तिनं नक्की ऐकलं असेल. 'मॉगॉ' म्हणजे खाऊन, 'ब्वा' म्हणजे बघ. खाऊन बघ! माझी आजी थालीपीठ वाढताना जे म्हणायची तेच, शब्दाला शब्द. जपानीतही तसंच, 'ताबेते मिरु', खाऊन बघणे. 'करून टाकलं' यातलं आपलं 'टाकणं' जपानीत 'शिमाऊ' होऊन येतं. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय शब्दाच्या मागे, मोठ्यांशी बोलायची वेगळी रूपं. मराठी मुलीला हे सगळं घरातूनच मिळालेलं असतं. म्हणून मी पालकांना नेहमी सांगते, तिला भाषा इंग्रजीतून भाषांतर करत शिकू देऊ नका. मराठीशी ताडून शिकली तर निम्मं व्याकरण आधीच ओळखीचं निघतं.

शब्दसंग्रहाचं मात्र तसं नाही, तिथे इतिहास लागतो. तत्त्वज्ञानाला जपानीत 'तेत्सुगाकु' म्हणतात, कोरियनमध्ये 'चॉल्हाक', चिनीत 'चशुए'. तिन्ही एकच शब्द आहे, त्याच दोन चित्राक्षरांचे तीन उच्चार. आणि तो काही प्राचीन चिनी शब्द नाही. निशी आमाने नावाच्या जपानी विद्वानानं तो १८७४ मध्ये छापला, आणि तिथून तो चीन-कोरियात गेला. हा निशी १८६०च्या दशकात हॉलंडमध्ये लायडनला शिकून आला होता. लायडन विद्यापीठात जपानीचं प्राध्यापकपद १८५५ पासून आहे, हे सांगितलं की आपल्याकडे लोकांना खरं वाटत नाही. नव्या कल्पनांना आपल्या भाषेत नाव द्यायची ती धडपड आपल्यालाही अनोळखी नाही. सयाजीराव महाराजांच्या बडोदा सरकारनं १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' काढला, कारभारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी, बंगाली असे प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडलेले. एम.ए.ला मी जपानी प्रतिशब्दांवर निबंध लिहिला तेव्हा हा कोश मांडीवर होता.

आता कुठे शिकायचं ते. जेएनयूत कोरियन, जपानी, चिनी, फारसी, अरबी या भाषांत बारावीनंतर बी.ए. ऑनर्स करता येतं, प्रवेश सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून. भाषा शून्यापासून शिकवतात, आणि सोबत त्या देशाचा इतिहास, समाज, साहित्य येतं. तुमच्या मुलीसाठी मी हेच पहिल्या क्रमांकावर लिहीन. शांतिनिकेतनला विश्वभारतीत चिनीसाठी चीना भवन १९३७ पासून आहे, जपानीसाठी निप्पॉन भवनही आहे, आणि तिथलं वातावरण भाषेच्या विद्यार्थ्याला फार मानवतं. दिल्ली विद्यापीठात पूर्व आशियाई अध्ययनाचा विभाग आहे, पण तो एम.ए.ला जास्त उपयोगी. पुण्यात नातेवाईक असतील तर रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ जपानीसाठी बघा. परदेशी, म्हणजे लंडनचं सोआस, लायडन किंवा कॅनबेराचं ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी, जिथे संस्कृती, इतिहास आणि भाषा यांचं मिळून एकच स्कूल आहे, तिकडे पदवीसाठी कर्ज काढून पाठवू नका. आधी इथे भाषा पक्की होऊ द्या. पुढच्या शिक्षणासाठी जपान सरकारची मेक्स्ट आणि कोरिया सरकारची जीकेएस शिष्यवृत्ती आहे. भाषा येणाऱ्या मुलांचे अर्ज तिथे वेगळे उठून दिसतात.

कोणत्याही ठिकाणी फॉर्म भरण्याआधी विभागात फोन करून दोन गोष्टी विचारा. आठवड्याला भाषेचे तास किती? आणि मूळ भाषेतला मजकूर, वर्तमानपत्र, कथा, जुनी पत्रं, मुलं कोणत्या सेमिस्टरला वाचायला लागतात? आठवड्याला तीन-चार तास असं उत्तर आलं तर ती पदवी त्या देशाविषयी इंग्रजीतून माहिती देणारी आहे. तीही वाईट नाही, पण तुमच्या मुलीला जे हवंय ते ते नव्हे.

बडोद्याबद्दल विचारलंत, तर इथे राहून कोरियन-जपानी भाषेची पूर्ण पदवी होणार नाही. पण आशियाचा अभ्यास म्हणजे काही केवळ कोरिया-जपान नाही, आणि त्या दृष्टीनं आपलं गाव फार श्रीमंत आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या, घुमटाच्या इमारतीतल्या आपल्या कला विद्याशाखेत संस्कृत, पाली, प्राकृत यांचा विभाग आहे, फारसी, अरबी, उर्दूचा आहे, पुरातत्त्व आणि प्राचीन इतिहासाचा आहे. याच पुरातत्त्व विभागानं १९६० ते ६३ या काळात शामळाजीजवळ देवनी मोरीचा बौद्ध स्तूप खणून काढला. बुद्धाच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती आणि कोरीव लेख असलेला अस्थिकलश तिथे मिळाला. ती जागा आता मेश्वो धरणाच्या पाण्याखाली आहे. प्राच्यविद्या मंदिर १९२७ चं. तिथे हस्तलिखितं ३०,०००च्या आसपास आहेत. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक पोथ्या ताडून ठरवलेला पाठ, १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत इथूनच निघाली. संस्कृतच्या त्या वर्षात सर आम्हाला तिथे घेऊन गेले होते. लाल फडक्यातून एक ताडपत्राची पोथी सोडली, दोन फळ्यांमध्ये दाबलेली, मधोमध दोरीसाठी भोक. अक्षरं आधी टोचून कोरतात आणि मग वरून काजळी चोळतात, म्हणजे ती काळी दिसतात, हे मी तिथे बघितलं. सरांनी हात न लावता जवळून वास घ्यायला सांगितलं. वेखंडासारखा वास होता, कसर लागू नये म्हणून ठेवलेला.

फारसीचंही सांगते, कारण मराठी घरांत तिच्याकडे कोणी वळतच नाही. गायकवाडांची पदवी 'सेनाखासखेल समशेर बहादूर' बोलून बघा, त्यातला समशेर फारसी आहे. फडणीस, चिटणीस, मजकूर, अर्ज, दफ्तर, सगळे तिकडूनच आले. मोडी आणि थोडी फारसी येणाऱ्या माणसाला जुन्या दफ्तरखान्यात आजही काम आहे, आणि अशी माणसं फार थोडी उरली आहेत.

धर्मानंद कोसंबींची गोष्ट मी अशा प्रत्येक पालकाला सांगते. गोव्याचा हा माणूस पाली शिकायला सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश फिरला. कलकत्त्यातली शिकवण्याची नोकरी सोडून मराठी मुलुखात यायचं ठरवलं, तेव्हा सयाजीराव महाराजांनी तीन वर्षं दरमहा ५० रुपये द्यायचं कबूल केलं. अट अशी की महाराष्ट्रात राहायचं आणि वर्षाला एक पुस्तक बडोदा सरकारसाठी लिहायचं. बुद्ध, धर्म आणि संघ यांवर त्यांनी बडोद्यात मराठीत व्याख्यानं दिली. पुढे हार्वर्डला गेले, आणि तिथून येऊन १९१२ पासून फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. ज्या गावानं त्या माणसाला हात दिला, त्या गावातल्या मुलीनं कोरियन शिकते म्हटल्यावर घरात काळजीचं सावट यायला नको.

पोटापाण्याचं सांगते, कारण तोच तुमचा मुख्य घोर आहे. माझं बहुतेक काम गुजरातमधल्याच मांडल-बेचराजी पट्ट्यातल्या जपानी कंपन्यांच्या कारखान्यांत असतं. बुलेट ट्रेनचं तंत्र जपानी, तिच्या कर्मचाऱ्यांची प्रशिक्षण संस्था बडोद्यातच, त्यामुळे तिकडचेही कागद येतात. कोरियन येणाऱ्यांना मोटार आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपन्यांत मागणी आहे, आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेत शिकवायच्या परकीय भाषांत कोरियन आणि जपानी दोन्हींची नावं आहेत. पण परीक्षेची पातळी गाठावी लागते. जपानीच्या जेएलपीटीत आता पाच पातळ्या, एन-फाइव्ह सगळ्यात सोपी, एन-वन सगळ्यात अवघड. एन-टू गाठल्याशिवाय कोणी दुभाषाचं काम विश्वासानं देत नाही. कोरियनच्या टोपिक परीक्षेत सहा पातळ्या, तिथे निदान पाचवी हवी. रोज अभ्यास करणाऱ्या मुलीला तिथवर जायला तीन-चार वर्षं लागतात, म्हणजे पदवीचाच काळ. साधी पत्रं, मेल आता यंत्र भाषांतरित करतं, ते काम कमी झालंय हे खरं आहे. वाढलंय ते समोरासमोरचं काम. जपानी साहेब "केन्तो शिमास" म्हणतो, शब्दशः 'विचार करतो'. आपला मालक खूश होतो. तेव्हा हळूच सांगावं लागतं, "शेठ, हा बहुतेक नकार आहे." हे सांगायला त्या समाजाची चालरीत माहीत असावी लागते, आणि ती मला व्याकरणाच्या पुस्तकातून नाही, तीन वर्षं त्यांच्या कथा आणि इतिहास वाचून कळली.

राहता राहिलं दिल्लीचं. सतराव्या-अठराव्या वर्षी मुलीला लांब पाठवायला जीव धजत नाही, मला ठाऊक आहे. तिचं मन कोरियनवर पक्कं असेल तर पाठवा, कारण भाषा रोज आणि सोबत्यांत शिकायची असते, आणि ती वर्षं परत येत नाहीत. मन अजून डळमळत असेल तर इथे इतिहास किंवा पाली घेऊन एक वर्ष काढू द्या. सोबत टोपिकची पहिली पातळी द्यायला लावा आणि पुढच्या वर्षी पुन्हा सीयूईटी. फॉर्म भरताना जेएनयूत कोरियनखाली जपानी आणि चिनीही पसंतीक्रमात टाका, फक्त एकच भाषा लिहून थांबू नका. मी गेले तेव्हा बाबा रात्री राजधानीला बसवायला स्टेशनवर आले होते, पिशवीत दोन किलो भाकरवडी आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. कोश वसतिगृहात सगळ्यात जास्त वापरला गेला. तुमच्या मुलीलाही एक चांगला मराठी शब्दकोश द्या बरोबर.