वाचकांचे प्रश्न : डेट्रॉईटची थकलेली घरपट्टी आणि ५०० डॉलरचं घर

प्रश्न : नमस्कार. मी पुण्यात असतो, चुलतभाऊ मिशिगनला नोव्हीमध्ये गाड्यांच्या कंपनीत आहे. डेट्रॉईटला घरपट्टी थकलेली घरं लिलावात ५०० डॉलरपासून मिळतात असा व्हिडिओ बघितला. म्हणजे पन्नास हजार रुपयांच्या आत घर! दोघांनी मिळून तीन-चार घेऊन भाड्याने द्यायचा विचार आहे. यात फसवणूक तर नाही ना?

उत्तर : लिलाव खराच आहे. डेट्रॉईट ज्या वेन काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखं) येतं तिथला ट्रेझरर, म्हणजे खजिनदार, तो ऑनलाइन घेतो, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात. अनेक वर्षं पद्धत अशी होती की पहिल्या फेरीत बोली थकबाकीच्या रकमेपासून सुरू व्हायची, आणि त्यात जे गेलं नाही ते दुसऱ्या फेरीत ५०० डॉलरपासून, तुम्ही ऐकलेला आकडा तिथलाच.

आता पुढचं नीट वाचा. घर आतून बघायला मिळत नाही, बाहेर रस्त्यावर उभं राहून जे दिसेल तेवढंच. पाइप, बॉयलर, वायरिंग चोरीला गेलंय का, छत गळतंय का, काही कळत नाही. जो कागद हातात येतो तो ‘क्विट क्लेम डीड’, म्हणजे काउंटी म्हणते आमचा जो काही हक्क असेल तो तुम्हाला दिला, टायटल क्लिअर असल्याची हमी नाही, ते करून घ्यायला पुढे बहुतेक वेळा कोर्टात जावं लागतं. आणि तुम्ही स्वतः तिथे राहणार नाही, त्यामुळे स्वतःच्या राहत्या घराला शाळेच्या टॅक्समधली जी १८ मिलची (म्हणजे हजारी १८ डॉलरची) सूट असते ती मिळणार नाही. डेट्रॉईटचा घरपट्टीचा दर आधीच अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त दरांपैकी एक, त्यात ही सूट नाही म्हणजे वर्षाची घरपट्टी तुमच्या ५०० डॉलरच्या दुप्पट-तिप्पट सहज होऊ शकते.

पण मला खरी काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. त्या यादीतली सगळी घरं रिकामी नसतात. कितीतरी घरांत माणसं राहत असतात, कधी मूळ मालकच, कधी भाडेकरू, ज्याने भाडं वेळेवर दिलं पण मालकाने टॅक्स भरला नाही. तुम्ही बोली जिंकलात की त्यांना बाहेर काढायचं काम तुमचं, काउंटी ते करून देत नाही. तुम्ही पुण्यात बसून नव्वद टक्के शक्यता अशी की हे काम कुणा एजंटच्या हातात जाईल आणि तिथे काय झालं ते तुम्हाला कधी कळणारही नाही. डेट्रॉईटमध्ये हे भरपूर झालंय, बाहेरगावच्या आणि परदेशातल्या लोकांनी घाऊक घरं घेतली, दुरुस्ती शून्य, दोन-तीन वर्षं भाडं खाल्लं, टॅक्स भरलाच नाही आणि घर परत लिलावात. मोठ्या प्रॉपर्टीचंही तेच, ४० एकरांवर पसरलेला पॅकार्ड मोटारींचा जुना कारखाना २०१३ साली याच लिलावात ४,०५,००० डॉलरला गेला, मोठमोठे प्लॅन जाहीर झाले, शेवटी कोर्टाने तो पाडायला लावला.

घ्यायचंच असेल तर भावाने स्वतः जाऊन बघितलेलं, खात्रीने रिकामं, असं एकच घर घ्या, दुरुस्तीचा आणि दरवर्षीच्या टॅक्सचा पैसा आधी बाजूला काढून ठेवा. कुणी राहत असलेल्या घरावर बोली लावू नका, ही माझी हात जोडून विनंती.

प्रश्न : टॅक्स भरला नाही तर घर जाणारच ना. आम्ही सोलापुरात पोटाला चिमटा घेऊन घरपट्टी भरतो. मग तिथल्या लोकांबद्दल एवढं वाईट का वाटून घ्यायचं?

उत्तर : प्रश्न रास्त आहे. पण तुम्ही भरता ती घरपट्टी निदान बरोबर आकारलेली आहे असं धरून तुम्ही बोलताय. डेट्रॉईटमध्ये तीच चुकीची होती.

१९५० मध्ये या शहरात साडेअठरा लाख लोक होते, २०२० च्या जनगणनेत सहा लाख चाळीस हजारसुद्धा भरले नाहीत. कारखाने गेले, गोरी कुटुंबं उपनगरात गेली, मागे बहुतेक काळी कामगार कुटुंबं राहिली आणि तेवढेच रस्ते, तेवढेच दिवे, तेवढीच गटारं सांभाळायचा खर्च त्यांच्या डोक्यावर आला. २००८ च्या मंदीत घरांचे भाव कोसळले. पण महापालिकेने सगळ्या घरांचं नव्याने मूल्यांकन कित्येक दशकांत केलेलंच नव्हतं, ते पूर्ण झालं २०१७ मध्ये. मधली सगळी वर्षं टॅक्स जुन्या फुगलेल्या किमतींवर.

मिशिगनच्या घटनेत लिहिलंय की घराचं करमूल्य, म्हणजे ज्या रकमेवर टॅक्स लागतो ती, बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त धरता येणार नाही. आता हिशोब बघा. समजा घर विकलं तर २०,००० डॉलर येतील, म्हणजे करमूल्य फार तर १०,०००. राहत्या घराचा दर हजारी सुमारे ६७ डॉलर, तर टॅक्स ६७०. पण शहराच्या वहीत तेच घर अजून ८०,००० चं, तर करमूल्य ४०,००० आणि टॅक्स २,६८०. नोकरी गेलेल्या माणसाकडून २,६८० मागायचे जिथे कायद्याने ६७० च निघतात! बर्नाडेट अटुअहेने या कायद्याच्या प्राध्यापिकेने हा विषय लावून धरला, तिच्या अभ्यासात निघालं की २००९ ते २०१५ मध्ये दरवर्षी शहराने निम्म्याहून जास्त घरांवर घटनेच्या मर्यादेबाहेर आकारणी केली, आणि सगळ्यात जास्त मार बसला सगळ्यात स्वस्त घरांना. ‘डेट्रॉईट न्यूज’ने २०२० मध्ये हिशोब काढला, २०१० ते २०१६ मध्ये घरमालकांकडून किमान ६० कोटी डॉलर जास्तीचे आकारले गेले. २०११ ते २०१५ या पाच वर्षांत शहरातल्या दर चार प्रॉपर्टींपैकी एक टॅक्सपायी जप्त झाली.

त्यात व्याज. १९९९ च्या कायद्याने थकबाकीदाराला तीनेक वर्षं मिळतात, पण आधी महिन्याला १ टक्का आणि पुढे दीड टक्का, तोही मागच्या तारखेपासून. (आपल्याकडे पुण्यात महिन्याला २ टक्के शास्ती लागते, तेव्हा हे दुखणं आपल्यालाही समजायला हवं.) आणि हे सगळं चालू असताना २०१३ मध्ये शहरानेच सुमारे १,८०० कोटी डॉलरच्या कर्जापायी दिवाळखोरी जाहीर केली. शहराला कर्जातून सूट मिळाली. त्या लोकांना गेलेली घरं परत मिळाली नाहीत. म्हणून वाईट वाटतं.

प्रश्न : ताई, मी कॅन्टनला राहते. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका बाईंचं घर डेट्रॉईटमध्ये आहे, खरं तर आईचं, आई दोन वर्षांपूर्वी गेली. तीन वर्षांचा टॅक्स थकलाय, दाराला पिवळ्या पिशवीत नोटीस लावून गेलेत. त्या घाबरून पाकीटच उघडत नाहीत. काही करता येईल का?

उत्तर : येईल, पण आज त्यांना ते पाकीट उघडायला लावा, तुम्ही शेजारी बसा हवं तर. शेवटची तारीख ३१ मार्च असते, त्यानंतर मालकी काउंटीकडे जाते, मग फार थोडं उरतं हातात.

पहिली अडचण नावाची. घर अजून आईच्या नावावर असेल तर बाकीचे दरवाजे उघडत नाहीत, आपल्याकडे वारसनोंद राहिली की होतं तसंच. प्रोबेट कोर्टातून, म्हणजे वारसाहक्काची प्रकरणं बघणाऱ्या कोर्टातून, ते नावावर करून घ्यायला लागा. मग ‘होप’ नावाची सवलत, उत्पन्न कमी असेल तर त्या वर्षाची घरपट्टी पूर्ण किंवा काही भाग माफ, कचऱ्याची फी तेवढी राहते. अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो, हे बरेच जण विसरतात. ही सवलत कायद्यात आधीपासून होती, पण लोकांपर्यंत पोचतच नव्हती, २०१६ मध्ये त्यावर खटला झाला आणि २०१८ च्या तडजोडीत शहराला अर्ज सोपा करावा लागला. ज्यांची घरं माफीला पात्र असूनही लिलावाला निघाली होती त्यांच्यापैकी काहींना ती १,००० डॉलरमध्ये परत घेता आली.

होप मिळालं की जुन्या थकबाकीसाठी ‘पे ॲज यू स्टे’ ही योजना आहे, २०२० पासूनची. व्याज-दंड जातो, आणि राहिलेला टॅक्स किंवा करमूल्याचे १० टक्के यातलं जे कमी ते तीन वर्षांत बिनव्याजी फेडायचं. हे बसत नसेल तर ट्रेझररकडे हप्ते बांधून मिळतात, व्याज कमी लागतं. युनायटेड कम्युनिटी हाउसिंग कोअलिशन ही संस्था असे अर्ज भरायला मदत करते, त्यांच्याकडे घेऊन जा. आणि फोन करून ‘तुमचं घर वाचवतो, इथे सही करा’ म्हणणाऱ्या कुणालाही सही देऊ नका.

प्रश्न : थकबाकी ५,००० आणि लिलावात घर ४०,००० ला गेलं तर वरचे पैसे कुणाचे?

उत्तर : आधी काउंटी ठेवून घ्यायची. एका प्रकरणात फक्त ८.४१ डॉलर टॅक्स कमी भरला होता, घर २४,५०० ला विकलं आणि वरची सगळी रक्कम ओकलंड काउंटीने घेतली. २०२० मध्ये मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने हे घटनाबाह्य ठरवलं, २०२३ मध्ये मिनेसोटाच्या एका आजींच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने तेच सांगितलं. म्हणजे पैसे जुन्या मालकाचे. पण आपोआप येत नाहीत, जप्तीच्या वर्षी १ जुलैच्या आत ठरलेला फॉर्म नोटरी करून ट्रेझररकडे पोचवायचा, पुढच्या वर्षी कोर्टात अर्ज करायचा. जुलैची ती तारीख चुकली की दावा बुडाला असंच धरा, म्हणून कुणाचं घर गेलं असेल तर त्यांना हे आत्ता सांगा.