सहा ठिकाणं काट, एक पळस ठेव

प्रिय पोरी,

तुझी यादी वाचली. होळीआधीच्या दोन दिवसांत, रानातला फुलोरा बघायला, दुचाकीवर म्हैसमाळ, पितळखोरा, गौताळा, येडशी, नायगाव, किनवट, माहूर! अगं, यात अख्खा मराठवाडा आडवा येतो. वर विचारतेस, ‘मागच्या वर्षी दोनशे फोटो काढले, तरी काही पाहिल्यासारखं वाटलं नाही, माझंच काही चुकतं का?’ चुकतंय यादीत. एक झाड निवड आणि त्याच्याजवळ दोन तास बस. पुढं सगळं याच्याच खटपटीचं लिहिलंय, कंटाळलीस तरी वाच.

गौताळा ठेव, बाकीचं काट. १९८६ पासूनचं अभयारण्य, सुमारे २६० चौरस किलोमीटर, सगळं पानगळीचं रान. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत पळस भरात असतो. फाटक किती वाजता उघडतं ते आदल्या दिवशीच विचार. उशिरा उघडत असेल तर जवळच्या कन्नड गावाच्या अलीकडं एखाद्या बांधावरचा पळस धर, मालकाला विचारून. रानातलाच पळस खरा असं काही नसतं. सूर्य उगवताना झाडाजवळ पोचणं महत्त्वाचं, कारण पाखरांची गर्दी नऊपर्यंतच. नंतर ऊन आणि तू, दोघंच उरता.

झाड कसं निवडायचं? पूर्ण पेटलेलं घेऊ नकोस. निम्म्या काळपट मखमली कळ्या आणि निम्मी उमललेली फुलं असं हवं, म्हणजे येणारी-जाणारी पाखरं टिकतात. एक तरी फांदी डोक्याच्या उंचीला असावी. उगवतीकडं पाठ करून पंधरा-वीस पावलांवर बस. आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण (८×४२) मिळाली तर बरं, नाहीतर डोळे आहेतच. पहिली पंधरा मिनिटं काहीच घडणार नाही. तू आल्यामुळं उडालेली पाखरं परत यायला तेवढा वेळ लागतो. लोक नेमके तेव्हाच उठतात आणि ‘इथं काही नाही’ म्हणत पुढच्या ठिकाणी जातात. तू उठू नकोस.

मी झाडांची यादी ठेवत नाही, त्यावरून मला आळशी म्हणणारे आहेत. म्हणोत. पन्नास जातींची नावं घडाघडा म्हणणाऱ्याला पळसाच्या एका फुलात पुंकेसर किती, एवढंच विचार. खाली पडलेलं ताजं फूल उचल. मागं उभी मोठी पाकळी, दोन बाजूंना दोन, आणि पुढं पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली, होडीच्या आकाराची पाकळी, तिला नाव म्हणतात. ती नाव बोटानं हलकी खाली दाब: आतून दहा पुंकेसर बाहेर येतील, नऊ बुडाशी जुळलेले, एक सुटा. मध बुडाशी, तपकिरी पेल्यात. शिंजीर मधासाठी चोच खुपसतो तेव्हा हीच नाव दबते आणि पराग त्याला लागतात. हे हातानं करून बघितलंस की वरच्या फांदीवर काय चाललंय ते दुर्बिणीविना कळतं. पाकळीची बाहेरची बाजू उन्हात तिरकी धर, चंदेरी लव दिसेल. पोपट मात्र फूलच तोडून टाकतो. बुडाशी कुरतडलेली फुलं दिसली की समज.

पाणी माणशी तीन लिटर, अंगाला अत्तर अजिबात नको, विडी-काडी तर नकोच. उंच सावरीवर किंवा कड्यावर आग्या मोहोळ लटकलेलं असतं, बसण्याआधी एकदा वर बघ. काटेसावर, पांगारा, पिवळा गणेर वाटेत दिसतील, बघून पुढं हो. लांबून लालभडक दिसलेला कुसुम फुललेला नसतो, ती त्याची कोवळी पालवी.

पिवळ्या पळसाचा पत्ता मला विचारू नकोस. सांगणार नाही. एकदा ठिकाण मोबाईलवर फिरलं की फांद्या मोडणारे येतात, गुप्तधनाच्या नादानं साल सोलणारेही येतात. तुला पिवळा बघायचाय कारण तो दुर्मीळ आहे. केशरी अजून धड बघितलेला नाहीस. आधी तो.

एप्रिलमध्ये पुन्हा निघावंसं वाटलं तर किनवटकडं मोहासाठी जा, तेव्हाही एकच झाड. मोहाची मांसल फुलं पहाटे गळतात, म्हणून अंधारातच पोच. झाडाखालची जागा झाडून ठेवलेली दिसली तर ती कुणाच्या तरी घरची वेचणी आहे. तिथं पाय ठेवायचा नाही, वेचणाऱ्या बाईला विचारून बाजूला बसायचं.

आणि होळीच्या रंगासाठी फांदी ओरबाडू नकोस. खाली पडलेलीच फुलं घे, सावलीत वाळव. दोन मुठी फुलांना लिटरभर पाणी, रात्रभर भिजव, सकाळी दहा मिनिटं उकळून गाळ. कच्चा रंग आहे, दोन धुण्यांत जातो. कापडावर टिकवायचा असेल तर कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढ.

तुझी,
काकू