जातं जप्त करणारा धनी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात मध्ययुगीन युरोपातल्या किल्ल्यांवर लेख होता, त्यावर कोकणातून बरीच पत्रं आणि मेसेज आले. बहुतेकांना किल्ल्यापेक्षा किल्ल्याखालच्या माणसांबद्दल विचारायचंय, आणि ते वाचून खूप बरं वाटलं. त्यातले काही प्रश्न इथे घेतोय.

सर, मी अकरावीला आहे. आम्हाला सरंजामशाहीचा पिरॅमिड काढायला सांगतात, वर राजा, मग सरदार, मग नाइट (घोडेस्वार योद्धे), खाली शेतकरी. हे खरंच इतकं सरळ होतं का? (विद्यार्थी, देवरुख)

परीक्षेत पिरॅमिड काढच, मार्क मिळतील. पण डोक्यात एवढंच ठेवू नकोस. एकच सरदार दोन-दोन राजांकडून जमिनी घेऊन बसलेला असायचा, आणि इंग्लंडचा राजा स्वतः फ्रान्समधल्या जमिनीपुरता फ्रेंच राजाचा मांडलिक होता, म्हणजे कोण कोणाच्या वर हे ठरवताना त्यांचीच भांडणं व्हायची. चर्च तर त्या पिरॅमिडमध्ये धड बसतच नाही, कारण मठ आणि बिशप हेच मोठे जमीनदार होते. आणि 'शेतकरी' हा तळाचा एकच थर नव्हता. १०८६ मध्ये इंग्लंडात विल्यम राजाने सगळ्या मुलखाची नोंद करून घेतली, ती डूम्सडे बुक म्हणून ओळखतात. त्यात मोकळे शेतकरी आहेत, जमिनीला बांधलेले भूदास आहेत, झोपडी आणि परसभर जमीन असलेले मजूर आहेत, आणि नोंदलेल्यांपैकी साधारण दहावा हिस्सा चक्क गुलाम आहेत. एकाच गावात तीस एकर कसणारा भूदास आणि दोन एकरांवर पोट न भरणारा मोकळा माणूस शेजारी राहायचे. मग श्रीमंत कोण, मोठा कोण? याचं उत्तर पिरॅमिडमधून मिळत नाही.

लहानपणी आजोबांकडून खोतांच्या गोष्टी ऐकल्या. भाताचा अर्धा वाटा द्यायचा, वर वेठीला जायचं, खोताच्या ओटीवर चढायचं नाही. युरोपातला लॉर्ड, म्हणजे तिथला जमिनीचा धनी, आपला खोतच ना? आणि त्याच्या हाताखालच्यांची सुटका कशी झाली? (निवृत्त शिक्षक, गुहागर)

सर, साम्य आहे आणि ते वरवरचं नाही. तिकडच्या भूदासाला आठवड्यातले दोन-तीन दिवस लॉर्डच्या खाजगी शेतात फुकट राबावं लागायचं, कापणीच्या दिवसात जास्तच, म्हणजे आपलं पीक शेतात उभं आणि आपण धन्याचं कापतोय, वर पावसाची भीती. ज्यांच्या घरात वेठीच्या आठवणी आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. मग चर्चचा दशमांश, धान्याचा दहावा हिस्सा, कोकरांचा, लोकरीचाही. आणि घरातला कर्ता गेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर लॉर्डचं! ज्या घरात नुकतंच मयत झालंय तिथून बैल सोडून न्यायचा, ही गोष्ट मला सगळ्यात क्रूर वाटते.

पण फरकही मोठा आहे. खोत हा मुळात सरकारसाठी सारा गोळा करणारा, त्याचा दरारा कितीही असला तरी त्याच्या वर मामलेदार होता, कोर्ट होतं. लॉर्डच्या जहागिरीत कोर्ट लॉर्डचंच. भूदासाची तक्रार लॉर्डबद्दल असेल तर ऐकणार कोण, तर लॉर्डचा कारभारी. राजाच्या कोर्टात जमिनीसाठी त्याला दाद मागता येत नव्हती. दुसरं, खोताच्या कुळाला कर्जाने आणि गरिबीने जखडलेलं असायचं, तरी तो बोटीत बसून मुंबईला गिरणीत कामाला जाऊ शकला, गेलेच की हजारोंनी. भूदासाला गाव सोडायला परवानगी लागायची. पळून शहरात गेला आणि तिथे एक वर्ष आणि एक दिवस सापडला नाही तर बऱ्याच शहरांत तो मोकळा धरला जायचा, तेवढीच वाट. तिसरा फरक जातीचा. तिकडे भूदासपण जन्माने यायचं, पण चांगल्या काळात पैसे भरून मोकळं होता यायचं, आणि लॉर्डच्याच चर्चमध्ये उभं राहता यायचं. आपल्याकडे कुळाने सारा फेडला तरी जात तशीच राहायची, हे विसरून तुलना करू नये असं मला मनापासून वाटतं.

सुटका कशी झाली हेही तुम्ही विचारलंय. आपल्याकडे अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ जमीन पडीक ठेवून संप केला, १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल आणलं आणि कायदा झाला १९४९ मध्ये. इंग्लंडात कायदा करून कोणी सोडवलं नाही. १३४८-४९ च्या प्लेगमध्ये निम्म्याच्या आसपास माणसं मेली, मजूर मिळेना, उरलेल्यांनी मजुरी वाढवून मागितली. १३५१ मध्ये सरकारने कायदा केला की प्लेगच्या आधीचीच मजुरी घ्यायची. तो राग साचत गेला, वर युद्धासाठी डोईपट्टी बसवली, आणि १३८१ मध्ये मोठा उठाव झाला. तो चिरडला, पण पुढच्या शंभरेक वर्षांत भूदासपण तिकडे हळूहळू विरत गेलं कारण फुकट राबायला माणूसच मिळत नव्हता. रशियात मात्र १८६१ पर्यंत चाललं, म्हणजे इकडे महात्मा फुल्यांची शाळा निघून तेरा वर्षं झाली होती.

माझ्या आईने जात्यावर दळलंय, मीही थोडं दळलंय. त्या काळच्या बायका काय दळायच्या, काय रांधायच्या? (गृहिणी, मालवण)

ताई, तुमच्या प्रश्नाने मला खूप आवडती गोष्ट सांगायची संधी मिळाली.

आधी रांधायचं. गहू पिकायचा पण पांढरी पाव-भाकरी धन्याच्या ताटात, गरिबाच्या घरी राय, बार्ली नाहीतर ओट. एका भांड्यात वाटाणे, घेवड्यासारखं कडधान्य, कोबी, कांदा-लसूण आणि थोडं धान्य घालून दिवसभर शिजणारी पातळ पेज, हेच रोजचं जेवण. बटाटा नाही, टोमॅटो नाही, मका नाही, ते सगळं अमेरिकेतून नंतर आलं. चूल घराच्या मधोमध, धुराडं नाही, धूर छपरातून वाट काढणार, आणि कित्येक घरांत त्याच छपराखाली पलीकडच्या टोकाला गुरं. गव्हाचं एक पोतं पेरलं तर तीन-चार पोती हाती यायची, त्यातलं एक पुन्हा बियाण्याला. मग वर्ष बिघडलं की काय होत असेल बघा. १३१५ पासून लागोपाठ पावसाने पिकं कुजली तेव्हा लोकांनी बियाणंसुद्धा खाल्लं.

आता दळण. पाणचक्की लॉर्डची, आणि भूदासाने तिथेच दळायचं अशी सक्ती. दळणावळ म्हणून साधारण सोळावा ते चोविसावा हिस्सा कापला जायचा. फ्रान्समध्ये तर भट्टीही धन्याची आणि द्राक्षं पिळायचा घाणाही धन्याचा. घरी जातं फिरवणं म्हणजे चोरी! इंग्लंडात सेंट ऑल्बन्स नावाच्या गावी मोठा मठ होता, गावाचा धनी मठाधिपतीच. तिथले लोक घरीच दळायचे, त्यावरून वर्षानुवर्षं वाद. १३३० च्या दशकात रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड हा मठाधिपती होता, मोठा गणिती, घड्याळं बनवणारा हुशार माणूस. त्याने गावातल्या घराघरातली जाती जप्त केली आणि ते दगड मठातल्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवले. रोज त्यावरून चालायचं.

पन्नास वर्षं ते दगड तिथेच होते. १३८१ च्या उठावात गावकरी मठात शिरले, फरशी उखडली, दगड बाहेर काढले, फोडले आणि त्याचे तुकडे चर्चमध्ये प्रसादाचा पाव वाटतात तसे एकमेकांना वाटले. ज्यांची जाती होती त्यातले बहुतेक मेले असणार, नातवंडांनी ते तुकडे घरी नेले. पुढे त्यांचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब फासावर गेला. तलवार, किल्ला, चिलखत याच्यावर पुस्तकं भरून लिहितात, पण धन्याची सत्ता काय असते हे मला त्या फरशीवरून जास्त कळलं, ती रोजच्या पिठापर्यंत पोचलेली होती.

लग्नाच्या पहिल्या रात्रीचा हक्क लॉर्डचा असायचा म्हणतात, खरं का? (वाचक, अलिबाग)

तसा कायदेशीर हक्क असल्याचा भरवशाचा पुरावा मध्ययुगातल्या कागदांत मिळत नाही, ती कथा नंतरच्या काळात फुगली. जे पक्कं आहे ते वेगळं: भूदासाच्या मुलीचं लग्न ठरलं की लॉर्डला पैसे भरावे लागायचे, बापाने नाहीतर मुलीनेच. मुलगा शिकून पाद्री व्हायचा असेल तरी परवानगी काढायची. जहागिरीच्या कोर्टाच्या दफ्तरात अशा पैशांच्या नोंदी ओळीने सापडतात, आणि बिअर गाळणाऱ्या बायकांच्या दंडाच्याही, कारण तो घरगुती धंदा मुख्यतः बायकांच्याच हातात होता.

आम्ही दर्यावरची माणसं. तिकडच्या मच्छीमारांना पण असाच वाटा द्यावा लागायचा का? (मच्छीमार, हर्णै)

हो दादा, आणि मासळीला तिकडे भलताच भाव होता, कारण चर्चच्या नियमाने शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस मटण बंद. आपल्या तारलीच्या कुळातला हेरिंग मासा खारवून, धुरी देऊन पिंपात भरायचे आणि समुद्रापासून लांबच्या गावातसुद्धा तो पोचायचा. नदी, तळं बहुतेक धन्याचं, तिथे चोरून गळ टाकला तर दंड. समुद्र तसा मोकळा, पण होडी ज्या किनाऱ्याला लागते त्या किनाऱ्याला मालक होता. डूम्सडे बुकात केंट किनाऱ्यावरच्या सँडविच गावाच्या नावापुढे लिहिलंय की मठातल्या साधूंच्या जेवणासाठी वर्षाला ४०,००० हेरिंग द्यायचे. पैसे वेगळे.