गावची पडीक शेती जंगलासाठी सोडली तर सरकार पैसे देतं का? अमेरिकेत देतात म्हणे

अमेरिकेत देतात, खरंय. १९८५ च्या शेती कायद्यात ही योजना आली, शेतकरी १० ते १५ वर्षांचा करार करतो, पीक बंद, तिथे गवत नाहीतर झाडं लावायची, आणि सरकार दरवर्षी एकरी भाडं देतं, वर लागवडीचा निम्म्यापर्यंत खर्च. २००७ ला साडेतीन कोटी एकरांच्या वर जमीन यात होती, मग मक्याला भाव आला आणि करार संपले तसे कित्येकांनी परत नांगर घातला. भाडं कमी पडलं की रान गेलं, साधा हिशोब.

आपल्याकडे असं वर्षाचं भाडं देणारी योजना मला तरी सापडली नाही, आणि मी शोधलीय, कारण कोकणात संगमेश्वरकडे आमची तीन एकर वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) आहे. पूर्वी नाचणी व्हायची, आता सगळे मुंबईत. आंबा-काजू लावलात तर फुंडकर फळबाग योजनेत तीन वर्षांत अनुदान मिळतं, ऐन-किंजळ अशी रानझाडं नुसती राखलीत तर त्यात काही नाही. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने खाजगी जमीनही स्वखुशीने कम्युनिटी रिझर्व्ह, म्हणजे लोकांनी राखलेलं संरक्षित क्षेत्र, करता येते, पण त्यातून भाडं सुरू होत नाही आणि नंतर जमिनीचा वापर बदलायला सरकारची परवानगी लागते.

उलट लोक घाबरतात. मी मुलुंडला राहतो, इथे सोसायट्यांच्या जमिनीवर १९७५ च्या कायद्याने 'खाजगी वन' असा शेरा बसला, म्हणजे जमीन सरकारजमा, आणि २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सोडवेपर्यंत फ्लॅटवाल्यांचा जीव टांगणीला होता. हे ऐकलेला काका गावी झाड वाढूच कशाला देईल? लाकूडवाल्याला उभं रान देऊन मोकळा होतो.

आम्ही काय केलं, तर लाकूडवाल्याला नाही म्हटलं आणि दर वर्षी दिवाळीनंतर दोन गडी लावून कडेने जाळरेषा (वणवा अडवायला गवत साफ केलेला पट्टा) काढतो, बस. रोप एकही लावलं नाही. वणवा आत आला नाही तर जुन्या खोडांनाच फुटवे येतात, चार वर्षांत किंजळ माझ्या डोक्याच्या वर गेलाय आणि करवंदीत शिरायला वाट नाही (चुलतभाऊ म्हणतो डुकरं वाढवलीत तुम्ही, तेही खोटं नाही, त्याची भातं खालीच आहेत). खर्च फक्त मजुरीचा.

तुम्ही आधी सातबारा काढून बघा नावं किती आहेत, आमच्यावर अकरा आहेत आणि त्यातल्या एका आत्याची सही अजून बाकी आहे.