खाणीत स्फोट रोखायला चुनखडीची भुकटी मारलेली असूनही कोळशाच्या धुळीचा स्फोट कसा होतो?

कारण भुकटी खाली राहते आणि कोळशाची धूळ वर. कन्व्हेयरवरून (कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावरून), ट्रान्सफर पॉइंटवरून (जिथे कोळसा एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर पडतो) उडणारी बारीक धूळ (७५ मायक्रॉनखालची) हवेबरोबर जाते आणि पांढऱ्या थरावर कागदाएवढा काळा पापुद्रा धरते. मिथेन (खाणीतला ज्वलनशील वायू) पेटला की दाबाची लाट ज्वाळेच्या पुढे धावते आणि सगळ्यात वरचा थर आधी उचलते. मागून येणाऱ्या ज्वाळेला तेवढं पुरतं. घनमीटरला ५०-६० ग्रॅम धूळसुद्धा पेटते. म्हणून भुकटी आणि धुळीच्या मिश्रणाची नुसती सरासरी पाहू नका, वरचा थर वेगळा तपासा. छत आणि बाजू तर हमखास विसरल्या जातात, आणि तिथली धूळ सगळ्यात सहज सुटते.

चुनखडी उष्णता शोषून ज्वाळा विझवते, पण हवेत उडाली तरच. ओल लागून ती गोठली की निकामी. चिमूटभर तळहातावर घेऊन हलकी फुंकर मारा: ढेकळं तशीच राहिली तर तिथे पुन्हा भुकटी मारा.

प्रमाण किती? अमेरिकेच्या नियमात या मिश्रणात न जळणारा भाग किमान ८०% लागतो, हवेत मिथेन असेल तर दर ०.१ टक्क्याला आणखी ०.४%.

‘आमच्याकडे वायू नाही’ यावर विसंबू नका. १९०६ साली फ्रान्समधल्या कुरिएर खाणीत धुळीच्या स्फोटाने १,०९९ जण गेले.