औषध सुरू केल्यावर केस जास्तच गळतात

प्रश्न : माझे वय २९ वर्षे आहे. कपाळावरचे केस मागे सरकू लागल्याने त्वचारोगतज्ज्ञांनी मला ५ टक्के मिनॉक्सिडिलचे द्रावण आणि फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. पाचव्या आठवड्यापासून उशीवर, न्हाणीघरात आणि हेल्मेटमध्ये पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त केस दिसतात. औषध सोडून पूर्वीसारखे खोबरेल लावावे, असे घरच्यांचे म्हणणे आहे. चवथ तोंडावर आली असून सगळे नातेवाईक जमणार आहेत. औषध थांबवावे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : केवळ या कारणासाठी थांबवू नका. डोक्यावरचा केस काही वर्षे वाढतो, नंतर सुमारे तीन महिने विश्रांतीच्या अवस्थेत नुसता मुळाशी टिकून राहतो आणि मग गळतो. मिनॉक्सिडिलमुळे ही विश्रांती आखूड होते. त्यामुळे पुढे थोडेथोडे गळणारच होते ते केस एकदम गळतात आणि त्याच मुळांतून नवे केस वाढीला लागतात. ही गळती बहुधा दुसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान सुरू होते व काही आठवड्यांत ओसरते. फिनास्टेराइडचे काम वेगळे आहे. ते केसांची मुळे बारीक करणारे डीएचटी हे संप्रेरक कमी करते, म्हणून तुमच्या बाबतीत पहिला संशय मिनॉक्सिडिलवरच जातो.

आता औषध सोडलेत तर गळतीचा त्रास तेवढा पदरी पडेल, फायदा मात्र हाती लागणार नाही, आणि पुन्हा सुरू केल्यास हाच टप्पा पुन्हा येऊ शकेल. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. खरा निर्णय वर्षभराने करावा. उशीवरचे केस मोजण्यापेक्षा दर महिन्याला त्याच उजेडात छायाचित्र काढून ठेवणे अधिक उपयोगी. नातेवाईक चवथीला काही ना काही बोलतीलच, त्यावर औषध नाही.

मात्र गेल्या दोन-तीन महिन्यांत तुम्हाला डेंग्यू किंवा दुसरा मोठा ताप येऊन गेला असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा; अशा तापानंतरही केस भरभरून गळतात, आणि तेही कपाळापुरते नव्हे तर सगळ्या डोक्यावरचे. पावसाळ्यात आपल्याकडे हे कारण सहज नजरेतून सुटते. गळती तीन-चार महिन्यांनंतरही थांबली नाही, गोल चकत्या पडल्या किंवा टाळू लाल होऊन सोलू लागली, तर तुमच्या तज्ज्ञांना किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोग विभागात दाखवा. छातीत धडधड, पायांवर सूज, कामेच्छा कमी होणे किंवा मन सतत खिन्न राहणे यांपैकी काही जाणवल्यास थांबून न राहता डॉक्टरांशी बोला.

खोबरेल लावायला हरकत नाही, पण द्रावणाच्या आधी टाळूवर नको. द्रावण कोरड्या टाळूवर लावावे, त्यानंतर निदान चार तास डोके धुऊ नये, आणि दमट हवेत ते वाळायला वेळ लागत असल्याने लगेच हेल्मेट चढवू नये. लावून झाल्यावर हात धुवावेत. घरात कोणी गर्भवती असल्यास तिने फिनास्टेराइडची फुटलेली गोळी हाताळू नये. आणि मांजर असल्यास द्रावणाची बाटली व ओले डोके दोन्ही तिच्यापासून दूर ठेवावे, कारण मिनॉक्सिडिल मांजरांना जिवावर बेतू शकते.